कॅप्टनना ‘स्टॉप’ कसं म्हणायचं?

ताई, नमस्कार.

मी डोंबिवलीची. एका विमान कंपनीत ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. लाइनवर येऊन अजून वर्ष व्हायचंय. गेल्या आठवड्यात मुंबईहून रात्रीची फ्लाइट होती. पाऊस कोसळत होता आणि आम्ही आधीच लेट. टी-वनच्या बाजूने रनवे २७ कडे निघालो. ग्राउंड कंट्रोलने वाटेतल्या दुसऱ्या रनवेच्या, १४/३२ च्या, अलीकडे थांबायला (होल्ड शॉर्ट) सांगितलं. रीडबॅक मीच दिला, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवली. तेवढ्यात पावसाने रनवे कंडिशन बदलली, म्हणून टेक-ऑफचा डेटा पुन्हा काढावा लागला. मी मान खाली घालून आकडे भरत होते. मान वर केली तर समोर लाल दिव्यांची रांग आणि आमचा वेग तसाच. कॅप्टनसर ड्यूटी टाइम संपत आल्याबद्दल बोलत होते. माझ्या तोंडून ‘सर... आपल्याला होल्ड शॉर्ट होतं ना?’ एवढंच निघालं. त्यांनी करकचून ब्रेक मारला. रेषेच्या अलीकडेच थांबलो. ‘बघितलं होतं गं मी,’ म्हणाले आणि विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र तो जात नाही. आम्हा दोघांचंही लक्ष एकाच वेळी कसं सुटलं? वीस-बावीस वर्षं विमान चालवलेल्या माणसाला मी कसं अडवायचं? काही घडलंच नाही, तर हे लिहून कळवायचं का? पुढच्या आठवड्यात रोस्टरवर पुन्हा त्यांच्याबरोबरच आहे.

— एक वाचक

*

तू आकडे अर्धवट टाकून मान वर केलीस आणि चाचरत का होईना, बोललीस. विमान रेषेच्या अलीकडे थांबलं ते त्यामुळे. पत्रभर तू स्वतःलाच दोष देत बसली आहेस, म्हणून हे आधी सांगते.

आता नियम काय म्हणतो ते बघू. विमानं उतरण्या-उडण्यासाठी जो भाग राखून ठेवलेला असतो, तिथे जे असायला नको ते विमान, गाडी किंवा माणूस आला, की ती रनवे इन्कर्जन. आयकावची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, व्याख्या साधारण अशीच आहे. धडक झाली पाहिजे असं नाही, समोरून दुसरं विमान यायला हवं असंही नाही. परवानगी नसताना नाक रेषेपलीकडे गेलं की झालं. तुमचं गेलं नाही, त्यामुळे व्याख्येप्रमाणे त्या रात्री इन्कर्जन घडली नाही. पण विमान थांबलं ते कोणत्या व्यवस्थेमुळे नव्हे, तू नेमकी त्या क्षणी वर बघितलंस म्हणून. तुझी झोप उडाली आहे ती याच्यामुळे, आणि ती उडावी असंच हे आहे.

थोडं गणित करू. टॅक्सीचा वेग २० नॉट धर. म्हणजे सेकंदाला साधारण १० मीटर. मुंबईसारख्या मोठ्या इन्स्ट्रुमेंट रनवेला होल्डिंगची रेषा रनवेच्या मध्यरेषेपासून साधारण ९० मीटरवर असते. रनवेची अर्धी रुंदी त्यातून वजा केली की रेषेपासून रनवेच्या कडेपर्यंत उरतात साठ-सत्तर मीटर. २० नॉटने हे अंतर सहा-सात सेकंदांत संपतं. तेवढ्या वेळात १४० नॉटने येणारं विमान अर्धा किलोमीटर पुढे सरकलेलं असतं. आता टेक-ऑफचा डेटा नव्याने काढून, एमसीडीयूत (विमानाच्या संगणकात आकडे भरायच्या पॅनेलवर) भरून, दोघांनी ताडून बघायला किती वेळ लागतो ते आठव. अगदी सफाईने केलं तरी अर्धं मिनिट जातंच. अर्धं मिनिट म्हणजे ३०० मीटर. त्या ३०० मीटरमध्ये तू विमानाबाहेर बघतच नव्हतीस, आणि तुझ्या जागी मी असते तरी आकडे भरताना बाहेर बघू शकले नसते. माणसाला ते जमत नाही.

तेव्हा दोघांचं लक्ष एकदम सुटलं यात नवल नाही. त्या मिनिटाला एक माणूस आत बघत होता आणि दुसरा एकटाच विमान चालवत, रस्ता शोधत, पावसातून बघत आणि ड्यूटी टाइमची काळजी करत होता. कॉकपिटमध्ये दोन माणसं असतात ती एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी म्हणून, आणि ती व्यवस्थाच त्या वेळी बंद होती. ती बंद करण्याचा निर्णय कोणी घेतला नव्हता. डेटा बदलायचा म्हटल्यावर तुम्ही दोघांनीही गृहीत धरलं की तो चालता चालता बदलायचा.

इथेच पहिला बदल कर. विमान हलत असताना टेक-ऑफचा डेटा भरायचा नाही. रनवे बदलला, इंटरसेक्शन (रनवेवर शिरायची जागा) बदललं, पाऊस वाढला, काहीही झालं तरी आधी विमान थांबेल, पार्किंग ब्रेक लागेल आणि मग आकडे. ग्राउंडला सांगायचं की परफॉर्मन्ससाठी दोन मिनिटं हवीत. मागे विमानांची रांग लागलेली असते आणि मुंबईत ‘दोन मिनिटं द्या’ म्हणायला जीव वर येतो, हे मला माहीत आहे. पण कंट्रोलरला थांबलेलं विमान परवडतं. ते कुठे आहे हे त्याला नक्की ठाऊक असतं. तो तुम्हाला बाजूला घेईल, मागच्याला पुढे सोडेल. नंबर गेला तर जाऊ दे.

थांबणं अगदीच शक्य नसेल तर निदान तोंडाने सांग, ‘सर, आय अ‍ॅम हेड डाउन.’ म्हणजे त्यांना कळतं की आता बाहेर बघणारे ते एकटेच आहेत. आणि रनवे जवळ येत असेल तर तेही नाही. समोर कुठलाही रनवे आला की दोघांच्याही नजरा बाहेर. चेकलिस्ट अर्धवट राहिली तर राहू दे, पलीकडे गेल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची. केबिनचा फोन वाजला तर वाजू दे. गप्पांचं तर बोलायलाच नको. ड्यूटी टाइम हा विषय महत्त्वाचा आहे, पण तो उभ्या विमानात बोलायचा.

मुंबईबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुझा प्रसंग मुंबईचाच आहे आणि इथल्या आपल्या सवयींमध्ये एक धोका दडलेला आहे. आपल्याकडे दोन रनवे आहेत, ०९/२७ आणि १४/३२, पण ते एकमेकांना छेदतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत, आणि दिवसाची नऊशेच्या घरातली उड्डाणं-लँडिंग जवळजवळ एकाच रनवेवर चालतात. बहुतेक वेळा ते २७. टी-वन आणि टी-टू यांच्यामधून १४/३२ जातो. सांताक्रूझच्या बाजूने २७ च्या टोकाकडे जायचं म्हणजे तो ओलांडावा लागतोच. रोज ओलांडायचा, आणि रोज तो रिकामा. महिनोन्‌महिने असं गेलं की मनात तो रनवे राहतच नाही, एक रुंद टॅक्सीवे होऊन बसतो. कॅप्टनसरांचं तसंच झालं असेल असा माझा अंदाज आहे. त्यांना दिवे दिसले नाहीत असं नाही. नजरेला दिसलं, पण इथे काही येत नसतं हे मनाने आधीच ठरवून टाकलेलं होतं.

कुर्ल्याला सायडिंगचा रूळ ओलांडणारी माणसं अशीच असतात. वर्षभर त्या रुळावर गाडी येत नाही म्हणून मान वळवायची सवय मोडते, आणि एक दिवस शंटिंगचं इंजिन येतं. १४/३२ तर अधूनमधून चांगलाच जागा होतो. मुख्य रनवेवर देखभालीचं काम निघालं की तो बंद असतो आणि विमानं १४ किंवा ३२ वरून ये-जा करतात. त्या दिवशी सवयीने चालणाऱ्याचा सगळा नकाशा उलटा झालेला असतो. म्हणून नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचना, वाचताना रनवे बंद एवढंच वाचून थांबू नकोस. मग आज आपण कुठून जाणार, वाटेत काय ओलांडणार, हे चार्टवर बोट ठेवून कॅप्टनसमोर बोल. चार्टवर हॉट स्पॉट गोल करून दिलेले असतात. जिथे लोकांची वारंवार गफलत होते किंवा होऊ शकते अशाच त्या जागा. आपल्या वाटेत त्यातला कुठला येतो, हे ब्रीफिंगमध्ये नाव घेऊन सांगायचं.

वापरात नसलेला रनवेही ओलांडायला स्पष्ट परवानगी लागते. ‘टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट रनवे टू सेव्हन’ यात मधला १४/३२ ओलांडायची परवानगी आली असं धरायचं नाही. ‘क्रॉस रनवे’ हे शब्द कानावर आले पाहिजेत. नाही आले तर विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत रेषेच्या अलीकडे थांबायचं.

चिन्हं तुला पाठ असतील. तरी पावसातल्या रात्रीसाठी सांगते. पिवळ्या रंगाच्या चार रेषा, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेषा आपल्या बाजूला असेल तर थांबायचं. रनवेकडून बाहेर येताना तुटक रेषा आधी लागते आणि ती ओलांडून पूर्ण बाहेर यायचं असतं. बाजूला लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत रनवेचे आकडे. काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे तू आत्ता कुठे आहेस, पिवळ्या पाटीवर काळं म्हणजे कुठला रस्ता कुठे जातो. जोडीने आलटून पालटून लुकलुकणारे पिवळे दिवे म्हणजे पुढे रनवे आहे. मुंबईच्या पावसात यातलं रंगवलेलं सगळं धुऊन निघाल्यासारखं होतं. पाण्याचा थर साचतो, एप्रनचे (विमानं उभी राहतात तिथले) दिवे त्यात चमकतात आणि पिवळी रेषा दिसेनाशी होते. त्यातून कॉकपिटमधून नाकाखालची जमीन दिसतच नाही. रेषा जवळ येते तशी ती नाकाखाली नाहीशी होते. म्हणून रेषेपर्यंत जाऊन थांबू असं म्हणायचं नाही. रेषा दिसते आहे तोवर थांबायचं. होल्ड शॉर्ट मिळाला असेल तर दहा नॉटच्या आसपास वेग आधीच उतरलेला हवा. कॅप्टन उतरवत नसतील तर तो बोलण्याचा पहिला क्षण, लाल दिव्यांच्या कितीतरी आधीचा.

लाल दिव्यांची आडवी रांग, म्हणजे स्टॉप बार, याबद्दल एकच नियम आहे. ती पेटलेली असताना ओलांडायची नाही. कंट्रोलरने क्रॉस करा म्हटलं तरी नाही. त्याला सांगायचं की स्टॉप बार अजून लाल आहे. दिवे विझले आणि परवानगीही मिळाली, दोन्ही झालं की मगच चाक हलवायचं. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर कुणाची तरी चूक होते आहे, आणि ती कुणाची हे चालत्या विमानात शोधायचं नसतं.

परवानगी मिळाल्यावरही नजर लावायची. रनवेवर शिरण्याआधी डावीकडे तू बघ किंवा कॅप्टन बघतील, पण मोठ्याने बोला: ‘लेफ्ट क्लिअर, फायनल क्लिअर’, ‘राइट क्लिअर’. फायनलवर, म्हणजे उतरणाऱ्या विमानाच्या शेवटच्या सरळ वाटेवर, दिवे दिसत असतील तर तेही सांगा. ८ जून २०२४ ला मुंबईतच, २७ वर एक विमान टेक-ऑफसाठी धावत असताना मागे दुसरं विमान त्याच रनवेवर उतरलं. दोन्ही विमानं सुखरूप राहिली, डीजीसीएने चौकशी लावली. हे कंट्रोलरला नावं ठेवायला सांगत नाही. मुंबईच्या टॉवरमधली माणसं ज्या ताणात ही वाहतूक हलवतात त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तीही माणसं आहेत, त्यांना आपल्या डोळ्यांची जोड लागते. शिवाय तू ग्राउंडच्या फ्रिक्वेन्सीवर असतेस तेव्हा टॉवरने कुणाला लँडिंग क्लिअरन्स दिला ते तुला ऐकू येत नाही. खिडकी हाच एक मार्ग राहतो.

रीडबॅक तू दिला होतास, आणि बरोबर दिला होतास. तरी तो मनात टिकला नाही, दोघांच्याही. हे फार वेळा होतं. बोललेले शब्द काही सेकंदांत विरून जातात, विशेषतः लगेच दुसरं काम हातात आलं तर. क्लिअरन्स कागदावर लिही. मी ज्यांना शिकवते त्यांना एक पद्धत लावते: होल्ड शॉर्ट असेल तर त्या रनवेच्या आकड्याभोवती चौकोन काढायचा, आणि क्रॉस करायची परवानगी मिळाली की तो आकडा खोडायचा. गुडघ्यावरच्या पॅडवर चौकोनात १४ दिसतोय तोवर तो ओलांडायचा नाही. मोबाइल, टॅब्लेट, नकाशावर सरकणारं विमानाचं चिन्ह, सगळं आलं आहे आणि ते वापरावंच, पण पेन्सिलीचा तो चौकोन बॅटरी संपली तरी राहतो. रीडबॅक देऊन झाला की कॅप्टनकडे वळून एकदा तोंडी खात्री कर: ‘होल्डिंग शॉर्ट ऑफ वन फोर, सर.’ ते ‘चेक’ म्हणाले की दोघांच्या मनात एकच चित्र आलं. ते काहीच म्हणाले नाहीत तर पुन्हा विचार. कंट्रोलरचं बोलणं नीट कळलं नाही तर ‘से अगेन’ म्हण. दहा विमानं ऐकत आहेत म्हणून आपण अंदाजाने रीडबॅक देतो. त्या दहांनाही तुझा अंदाज नको आहे.

हानेडाचं प्रकरण तुमच्या ट्रेनिंगमध्ये आलं असेल. २ जानेवारी २०२४, टोकियो. कोस्ट गार्डच्या विमानाला होल्डिंग पॉइंटपर्यंत यायला सांगताना तुम्ही ‘नंबर वन’ आहात असंही सांगितलं गेलं. रनवेवर जायची परवानगी नव्हती, पण ते विमान रनवेवर गेलं आणि थांबलं. मागून उतरणारं ए३५० त्याच्यावर आदळलं. मोठ्या विमानातले ३७९ जण बाहेर पडले, लहान विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. पहिला नंबर लागला ही बातमी ऐकायला मन आधीच तयार असतं आणि थांबा हा भाग त्यात हरवतो. लेट झालेल्या विमानात, ड्यूटी टाइम संपत आलेल्या कॅप्टनच्या मनाची तयारी कशाची असेल, याचा तूच विचार कर.

आता तुझा खरा प्रश्न. मला वाटतं पत्र तू त्याच्यासाठीच लिहिलंस.

२७ मार्च १९७७ ला टेनेरिफमध्ये धुक्यात दोन ७४७ एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. टेक-ऑफ घेणाऱ्या विमानाचे कॅप्टन कंपनीचे अतिशय ज्येष्ठ प्रशिक्षक होते. विमान धावायला लागल्यावर मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, की ते दुसरं विमान रनवेवरून बाहेर गेलेलं नाही का? त्याला शंका आली होती आणि ती खरी होती. कॅप्टननी ठामपणे उत्तर दिलं, गेलंय. पुढे कुणी काही बोललं नाही. त्या कॉकपिटमध्ये ज्ञान कमी नव्हतं, धाडसही कमी नव्हतं. शंका प्रश्नाच्या रूपात आली आणि प्रश्नाला उत्तर मिळाल्यावर माणूस गप्प बसतो. आज आपण ज्याला सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, कॉकपिटमधल्यांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलून काम करणं) म्हणून वर्षाला शिकतो ते उभं राहिलं त्यात या अपघाताचा वाटा मोठा आहे.

तुझं वाक्यही प्रश्नच होतं. ‘होल्ड शॉर्ट होतं ना?’ आपल्या घरांत मोठ्यांना असंच सांगायची रीत आहे. बाबा चुकत असतील तर ‘बाबा, ते असं असतं ना?’ असं आपण विचारतो, आणि ते सुधारून घेतात. त्यात वावगं काही नाही. जमिनीवर, चहा पिताना, ब्रीफिंगमध्ये तू कॅप्टनना असंच विचारावंस. लाल दिव्यांपुढे मात्र त्या प्रश्नाला वेळ नाही. ‘होल्ड शॉर्ट होतं ना’ हे ऐकून माणूस आधी आठवायला लागतो, होतं का? आठवण्यात दोन सेकंद जातात. दोन सेकंद म्हणजे २० मीटर.

म्हणून तिथे एकच शब्द: ‘स्टॉप.’ सर नाही, प्लीज नाही, पुढे वाक्य नाही. पोटातून, मोठ्याने. थांबल्यावर कारण सांग. ‘स्टॉप’ म्हणजे तुम्ही चुकलात असं नव्हे. विमान थांबव, मग बघू, एवढाच त्याचा अर्थ. तुझं चुकीचं निघालं, परवानगी खरोखर मिळालेली होती, तर वीस सेकंद गेली आणि पुन्हा निघालात. कुठल्याही शहाण्या कॅप्टनला त्या वीस सेकंदांचा राग येत नाही. आणि आला तरी तो तुला झेपेल. दुसरी शक्यता कुणालाच झेपणारी नाही.

विमान थांबलं नाही तर? तुझ्याही पायांखाली ब्रेक आहेत. ते तू कधी आणि कसे वापरायचे, कंट्रोल घेताना काय म्हणायचं, हे तुमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वाचून ठेव आणि पुढच्या सिम्युलेटरच्या वेळी प्रशिक्षकाला विचार. जमिनीवरच्या या प्रसंगाचा सराव फार कमी लोक मागतात. तू माग. आणि आवाजाचा सराव घरी कर. हसू येईल तुला, पण मी हे गंभीरपणे सांगते. हा शब्द मोठ्याने उच्चारायची सवयच नसते आपल्याला, मुलींना तर विशेष नसते, आणि नेमक्या वेळी घसा आवळतो. खोलीचं दार लावून दहा वेळा ‘स्टॉप’ म्हण. शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटू दे. सिम्युलेटरमध्ये मी हे करून घेते. पहिल्यांदा सगळ्यांचा आवाज बारीक येतो आणि नंतर सगळ्यांनाच जमतं.

कॅप्टनसरांचं ‘बघितलं होतं गं मी’ मनाला लावून घेऊ नकोस. माणूस हादरला की असं बोलतो. करकचून ब्रेक मारणाऱ्याने बघितलेलं नसतं, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं कळलं असणार. पुढच्या आठवड्यात भेटाल तेव्हा डिस्पॅचमध्ये, इतर कुणी नसताना, दोन मिनिटं माग. दोषाची भाषा नको. असं म्हण: ‘सर, त्या दिवशी मी डेटा भरत होते आणि बाहेर बघत नव्हते. आज तसं झालं तर मी थांबायला सांगणार आहे. आणि रनवेजवळ शंका आली तर मी फक्त स्टॉप म्हणेन, चालेल ना?’ इथे ‘चालेल ना’ अवश्य विचार. एकदा त्यांच्या तोंडून ‘चालेल’ आलं की टॅक्सीवेवर तू त्यांना अडवत नाहीस, तुमच्या दोघांचं ठरलेलं करतेस. माझा अनुभव असा, की बहुतेक सिनिअर माणसांना हे ऐकून बरं वाटतं. त्यांनाही रात्री झोप हवी असते. समजा ते उडवून लावणारे निघाले, तर ती माहिती ट्रेनिंग विभागाला किंवा तुझा विश्वास असलेल्या चेक पायलटला द्यायची. ती चहाडी होत नाही.

आणि हो, रिपोर्ट लिही. काही घडलं नाही म्हणूनच लिही. घडल्यावर चौकशी समिती लिहिते, आणि तेव्हा तुझं म्हणणं कुणी तुझ्या शब्दांत ऐकत नाही. कंपनीच्या सेफ्टी विभागाकडे असे कागद आले की त्यांना दिसतं, की याच क्रॉसिंगला, पावसात, डेटा बदलताना हे आणखी कुणाकुणाचं झालं. तिथून ते विमानतळाच्या रनवे सेफ्टी टीमपर्यंत पोचू शकतं. त्या टीममध्ये विमानतळाचे, एअर ट्रॅफिकचे आणि वैमानिकांचे लोक बसतात. पाटी झाडाआड गेली आहे, रेषेचा रंग उडाला आहे, पाणी तुंबतं, असल्या गोष्टी त्यांना तुझ्यासारखीनेच सांगायच्या असतात. जोराचा ब्रेक फ्लाइट डेटात दिसला असेल तर प्रश्न तसाही येईल. स्वतःहून लिहिलेलं केव्हाही बरं.

लिहिताना ‘कॅप्टनचं लक्ष नव्हतं’ असं लिहू नकोस. त्यांच्या मनात काय होतं ते तुला माहीत नाही. तू काय करत होतीस, काय ऐकलंस, काय दिसलं तेवढंच लिही: वेळ, कुठल्या टॅक्सीवेवर होता, वायपर कुठल्या स्पीडवर होते, क्लिअरन्सचे नेमके शब्द, डेटा बदलायचं कधी ठरलं, मान वर केलीस तेव्हा दिवे साधारण किती लांब होते, काय बोललीस, कुठे थांबलात. पाठवण्याआधी कॅप्टनसरांना फोन करून सांग, की मी रिपोर्ट टाकते आहे, तुम्हीही तुमच्या बाजूने टाका. त्यांना तो दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. आठवडा झाला आहे, तेव्हा कंपनीची मुदत किती आहे ते आधी बघ, आणि सुट्टीच्या दिवसाची वाट न बघता आजच लिहायला बस.